घरी काडतूस भरता येतं का? नेमबाजीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एअर पिस्तूलबद्दल लिहिलं आणि प्रश्नांचा पाऊसच पडला. सोलापूर शहरातनंच जास्त आलेत, काही बार्शी-पंढरपूरकडनं. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून सगळ्यांचीच गाळलीत, फक्त भाग दिलाय. पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, त्याचं उत्तर लांबलंय, पण ते पूर्ण वाचा.

प्रश्न (होटगी रोड): माझा मावसभाऊ टेक्सासला असतो. त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा त्यानं गॅरेजमधे बसून स्वतः पिस्तुलाची काडतुसं भरून दाखवली. उडवलेल्या पुंगळ्या फेकत नाही, त्याच परत भरतो, खर्च बराच वाचतो म्हणाला. माझ्याकडं .३२ रिव्हॉल्वरचं लायसन्स आहे आणि इथं काडतूस महाग पडतं. तशी छोटी मशीन मागवून घरी शिकता येईल का? नवशिक्यानं सुरुवात कुठनं करायची?

उत्तर: दादा, सुरुवात करायचीच नाही. तुमचा भाऊ काही चुकीचं करत नाहीये, अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं काडतूस भरायला केंद्र सरकारचं लायसन्स लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतं. तिकडं तो लाखो लोकांचा छंद आहे आणि त्याची पुस्तकं, क्लास सगळं उघडपणे चालतं. आपल्याकडं मात्र शस्त्र अधिनियम १९५९ आहे. तुमच्याकडं जे लायसन्स आहे ते कलम ३ खालचं, म्हणजे हत्यार आणि काडतूस विकत घेऊन बाळगायचं. काडतूस बनवायला कलम ५ खालचं वेगळं लायसन्स लागतं आणि ते घरगुती माणसासाठी नाहीच, कारखानदार आणि व्यापाऱ्यासाठी आहे. रिकामी पुंगळी परत भरली तरी हातात तयार काडतूसच येतं ना, मग "मी फक्त रिपेअर केलं" असं म्हणून सुटता येत नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसतं ते पुढचं. त्याच कायद्यात "दारूगोळा" म्हणजे काय याची जी व्याख्या दिलीय त्यात काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्री पण येते. म्हणजे दारूचा कण घरात नसला आणि नुसती ती प्रेस (काडतूस भरायची मशीन) आणि डाय (पुंगळी मापात आणायचा साचा) कपाटात असली तरी तुम्ही अडचणीत आलात. ऑनलाइन मागवायचा विचार तर डोक्यातनं काढूनच टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ मधे विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. काडतुसामागं चार पैसे वाचवायला गेलात तर आहे ते लायसन्स जाईल आणि घरदार कोर्टाच्या पायऱ्या चढेल. दारूचा विषय आणखी वेगळा, ती स्फोटकांच्या कायद्यात येते, १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम, त्याचं देशाचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, पेसो म्हणतात ते.

आता तुमचा भाऊ नेमकं काय करतो तेही सांगतो, कारण ते कळलं की कायदा इतका कडक का ते आपोआप लक्षात येतं. काडतुसाचे चार भाग. पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर म्हणजे टोपी, आत दारू, आणि वर बसवलेली गोळी. उडवल्यावर पुंगळी तेवढी उरते. ती फुगलेली असते, म्हणून डायमधे दाबून परत मापात आणायची, जळालेला प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू मोजून घालायची, गोळी बसवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण दारू ग्रेन या मापात मोजतात, एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅमच्या आसपास, आणि पिस्तुलाच्या काडतुसात ती इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी बऱ्याच पुंगळ्यांमधे वरनं पटकन कळत नाही. दुप्पट दारूचं काडतूस उडवलं तर चेंबर फुटून हातात येतो. आणि उलट, दारू घालायचीच राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात जाऊन अडकते, आवाज बारीक येतो, माणसाला वाटतं मिसफायर झालं, तो दुसरी झाडतो, आणि नळी फुटते. तिकडं नवशिक्याला शिकवताना म्हणूनच एकेरी प्रेसवर बसवतात, एका वेळी एकच काम, टेबलावर एकाच जातीची दारू, आणि गोळी बसवायच्या आधी ट्रेमधल्या प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायचं. टीव्ही चालू नाही, फोन नाही, गप्पा नाहीत. ज्या देशात हे सगळं उघड मिळतं, शिकवायला माणसं आहेत, तिथंसुद्धा एवढं जपावं लागतं. आपल्याकडं यातलं काहीच नाही, मग इंटरनेटवर व्हिडिओ बघून गच्चीवरच्या खोलीत कुणी हे करायला बसलं तर काय होईल याचा विचार करा.

आणि अजून एक गोष्ट, जी मला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते. तुम्हाला स्पर्धेची नेमबाजी करायची असेल तर हे भरण्याचं कौशल्य लागतच नाही. २५ मीटरच्या स्पोर्ट पिस्तूल, रॅपिड फायर, स्टँडर्ड पिस्तूल या सगळ्या स्पर्धा .२२ वर चालतात. .२२ च्या काडतुसाला मधे वेगळा प्रायमर नसतोच, पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेलाच चेपते. एकदा चेपली की संपलं, ती पुंगळी परत भरायची नसते, अमेरिकेतसुद्धा ती कचऱ्यातच जाते. १० मीटरला तर दारूचा संबंधच नाही, हवा आणि शिशाचा छर्रा. राहिली सेंटर फायर, म्हणजे मधे प्रायमर असलेल्या काडतुसाची स्पर्धा, तिथं .३२ चालतं, पण त्या स्पर्धेपर्यंत पोचणारा माणूस आधी काही वर्षं एअर पिस्तूल आणि .२२ मधे घासून आलेला असतो.

तुमच्या रिव्हॉल्वरची काडतुसं परवानाधारक दुकानातनंच घ्या, बिल घ्या, लायसन्सवर नोंद करून घ्या. आपल्या सरकारी काडतुसाचं बूड बघितलं तर बऱ्याचदा "केएफ" असा शिक्का दिसतो, तो खडकीच्या कारखान्याचा, १८६९ पासूनचा कारखाना आहे तो, पुण्यातला. माल एकसारखा हवा म्हणून तिथं अख्खा कारखाना राबतो. आणि स्वतःच्या हातानं काहीतरी करायची जी हौस तुम्हाला आलीय ना ती खरंच चांगली आहे, तिला जागा आहे, खाली छर्ऱ्यांच्या प्रश्नात आणि घरच्या सरावाच्या प्रश्नात तेच लिहिलंय.

प्रश्न (अशोक चौक): मुलगा रेंजवरनं .२२ च्या रिकाम्या पुंगळ्या खिशातनं घरी आणतो, कीचेन करणार म्हणतो. चालतं का?

उत्तर: नको. रेंजवर डबा ठेवलेला असतो त्यातच टाकायला सांगा. रेंजला हिशोब द्यावा लागतो, किती आल्या किती उडल्या, आणि दप्तरात पुंगळी घेऊन पोरगं शाळेत गेलं, किंवा मामाकडं जाताना विमानतळावर बॅगेत सापडली, तर समजावता समजावता तुमचा दिवस जाईल. पोराला रागवू नका, नीट सांगितलं की ऐकतात पोरं.

प्रश्न (जुळे सोलापूर): माझी मुलगी बारा वर्षांची आहे. पॅरिसला मनू भाकरला पदक मिळालं तेव्हापासून पिस्तूल शिकायचं म्हणतेय. एअर पिस्तूलला लायसन्स लागतं का? पिस्तूल कुठलं घ्यावं? आमच्याकडं दोघांची नोकरी आहे पण लाखाच्या वस्तू घेण्यासारखी परिस्थिती नाही.

उत्तर: ताई, आधी लायसन्सचं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं ज्या एअर वेपनचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे किंवा ताकद २० जूलच्या वर आहे त्याला लायसन्स लागतं. स्पर्धेचं एअर पिस्तूल ४.५ चंच असतं आणि ताकद पाच-सहा जूलच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी खाली. त्यामुळं लायसन्स नाही, पण दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो, रजिस्टरला नोंद करतो, ती करून घ्याच आणि बिल फाइलला लावून ठेवा. रेंजवर नेता-आणताना बॅगेतच, बंद, आणि बिलाची झेरॉक्स सोबत. सात रस्त्यावर नाकाबंदीला गाडी थांबवली तर कागद दाखवून दोन मिनिटांत मोकळं होता येतं.

पिस्तुलाची घाई करू नका. स्पर्धेची चांगली पिस्तुलं, मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी, ही दीड-दोन लाखांच्या पुढंच जातात आणि मुलगी टिकेल का नाही हे अजून तिलाच माहीत नाही. रेंजवर क्लबची पिस्तुलं असतात, पहिलं वर्षभर त्यावर होऊ दे. बारा वर्षाच्या मुलीला एका हातात किलोभर वजन सरळ धरून उभं राहायचंय, एअर पिस्तुलात एकच हात वापरतात, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात. लहान मनगटाला ते सुरुवातीला झेपत नाही, म्हणून चांगला कोच आधी टेबलावर टेकून नेम धरायला लावतो, साइट म्हणजे नेम धरायच्या खुणा कशा दिसायला हव्यात, चाप कसा दाबायचा हे शिकवतो, वजन हळूहळू. पहिल्याच आठवड्यात तुमच्या पोरीला हवेत हात धरून शंभर शॉट मारायला लावणारा कोच असेल तर दुसरा बघा, खांदा गेला की खेळ गेला.

मनूबद्दल एक सांगतो. टोकियोला, २०२१ मधे झालं ते ऑलिम्पिक, भर पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्त करण्यात बराच वेळ गेला, ५७५ गुण झाले, बारावी आली आणि फायनल हुकली. ती पोरगी तीन वर्षांनी पॅरिसला दोन ब्राँझ घेऊन आली, एक एकटीचं आणि एक सरबज्योत सिंगबरोबर. आणि आपल्याच भागात बघा, कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तूलमधे २०१८ च्या एशियाडला सोनं घेऊन आली, तेजस्विनी सावंत २०१० ला जगज्जेती झाली, कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा रेल्वेत टीसी, त्यानं पॅरिसला ब्राँझ आणलं. कोल्हापूर काही लांब नाही. सोलापूरच्या पोरींनी हे मनावर घेतलं तर मला फार आनंद होईल, खरंच.

तिचा हुकमी डोळा कुठला ते तपासून बघा. दोन्ही हात लांब करून पंजांमधे छोटं भोक करायचं, त्यातनं भिंतीवरचं घड्याळ बघायचं, आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ भोकातच राहतं तो डोळा हुकमी. उजव्या हाताची आणि डाव्या डोळ्याची असेल तर कोचला पहिल्या दिवशीच सांगा, त्यावर उपाय आहेत पण ते सुरुवातीलाच करायचे असतात.

प्रश्न (विजापूर रोड): रेंज लांब पडते, नोकरीमुळं आठवड्यातनं एकदाच जमतं. घरी छर्रे न उडवता सराव करतात म्हणे, त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि करायचा कसा?

उत्तर: होतो, आणि माझ्या मते पिस्तूल नेमबाजी निम्म्याहून जास्त घरीच शिकली जाते. याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. रेंजवर शॉट मारला की माणूस लगेच स्क्रीनकडं बघतो, आठ आला, नऊ आला, आणि हात काय करत होता हे विसरून जातो. घरी स्कोअरच नाही त्यामुळं लक्ष हातावरच राहतं.

आधी पिस्तुलाचं बघा. हवेच्या सिलिंडरवाल्या मॅच पिस्तुलात ड्राय फायरची सोय असते, तीच वापरायची. स्प्रिंगवालं साधं पिस्तूल असेल तर छर्रा न घालता कधीही उडवू नका, समोर हवा अडवायला काही नसलं की पिस्टन जाऊन थाडकन आदळतो आणि सील खराब होतं. त्यांनी नुसतं धरायचा आणि साइटचा सराव करायचा. छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत. चेंबर उघडून डोळ्यानं बघायचं आणि बोटानं चाचपायचं, घरात कुणी म्हटलं "रिकामंय ते" तरी स्वतः बघायचं. नळी ज्या भिंतीकडं आहे तिच्यामागं कुणाची ये-जा नको.

मग साधी पांढरी भिंत, त्यावर काहीच नाही. तीन-चार फुटांवर उभं राहायचं. पाय खांद्याएवढे लांब, सपाट तळव्याचे बूट, टार्गेटकडं जवळजवळ आडवं. आता डोळे मिटून हात उचला, स्थिर होऊ द्या, मग डोळे उघडा. हात जिथं गेलाय तिथंच शरीराला जायचंय. तो डावीकडं गेला असेल तर मनगटानं ओढून आणू नका, मागचा पाय जरासा सरकवा आणि परत करा. हे रोज करायचं, कारण रोज ते थोडं वेगळं येतं.

आता एक शॉट, समोर टार्गेट आहे असं धरून. हात टार्गेटच्या वरपर्यंत न्यायचा, श्वास घेत, आणि सोडत सोडत वरनं खाली टार्गेटच्या काळ्या गोलाच्या खालच्या भागात उतरायचं. उतरतानाच बोटानं चापाचा पहिला टप्पा खाऊन टाकायचा. एअर पिस्तूलच्या चापाचं वजन नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅम असतं, त्यातलं बरंचसं या पहिल्या टप्प्यात ठेवता येतं. नजर कुठं, तर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर, ती ब्लेडसारखी स्पष्ट, रिअर साइटच्या खाचेत दोन्ही बाजूला सारखा उजेड, आणि टार्गेट धूसर. धूसरच दिसायला पाहिजे. नवीन माणूस टार्गेट स्पष्ट बघतो आणि साइट धूसर होते, तिथंच सगळं बिघडतं, कारण साइटमधली केसाएवढी चूक १० मीटरवर जाऊन मोठी होते, आणि हात थोडा हलत असला पण साइट सरळ असली तर तेवढं नुकसान होत नाही. हात हलणारच. तो थांबायची वाट बघू नका, बोट सरळ मागं दाब वाढवत ठेवायचं आणि शॉट कधी सुटला ते आपल्यालाही आधी कळता कामा नये. सुटला की हात खाली नाही, एक-दोन सेकंद तिथंच, साइट कुठं गेली ते बघत. ती जागेवरच राहिली तर शॉट चांगला. खाली डावीकडं झटकली तर तुम्ही चाप ओढलात, उजव्या हातवाल्यांचा हा सगळ्यात कॉमन रोग.

आठ-दहा सेकंदात सुटला नाही तर हात खाली घ्या. हे शिकायला लोकांना फार जड जातं, एवढा धरलाय तर मारूनच टाकू असं होतं, आणि तोच शॉट सहाला जातो. स्पर्धेत ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, हात खाली घ्यायला वेळच वेळ आहे. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरे, थकल्यावर पुढं करू नका, थकलेला हात वाईट सवयी शिकतो.

प्रश्न (अक्कलकोट रोड): आमची गच्ची लांब आहे, १० मीटर निघतात. छर्रे उडवायची रेंज करता येईल का?

उत्तर: उघड्या गच्चीवर माझा सल्ला नाही असाच आहे. एअर पिस्तूलचा छर्रा चुकला तर शंभर मीटरच्या पुढं सहज जातो, आणि आपल्याकडं घराला घर लागून आहे, शेजारच्या गच्चीवर कुणी शेंगा वाळत घालतंय, कुणी चादरी झटकतंय, पोरं पतंग उडवतायत. पोलिसात तक्रार गेली तर लायसन्स लागत नाही हे सांगून भागणार नाही, धोका निर्माण केला हा वेगळाच गुन्हा होतो.

घरात लांब पॅसेज किंवा हॉल असेल तर बघा. मागं पक्की भिंत, वाटेत एकही दार किंवा खिडकी उघडणारी नको, तुम्ही उभे असताना पुढं कुणी येऊच शकणार नाही अशी जागा. १० मीटर नसले तरी चालतं, ५ मीटरवर टार्गेट निम्म्या मापाचं छापायचं. खऱ्या टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिलिमीटर असतो, तर तुमचा तीसचा. मधोमधची उंची जमिनीपासून १.४० मीटर. छर्रे अडवायला तिरक्या पत्र्याचा ट्रॅप, पत्रा खाली झुकलेला म्हणजे छर्रा परत तुमच्याकडं न येता खालच्या डब्यात पडतो. ट्रॅपच्या मागं आणि बाजूला आपली जुनी जाड सोलापुरी चादर दुमडून सैल लटकवा, ताणून बांधायची नाही, सैलच, चुकलेला छर्रा ती झोळीत घेतल्यासारखा खाली पाडते. ती फक्त दुसरी संरक्षणाची लाइन, ट्रॅपला पर्याय नाही. डोळ्याला चष्मा, बघणाऱ्यांनासुद्धा.

प्रश्न (बार्शी): छर्रे कुठले चांगले? मित्र म्हणतो एकेक वजन करून घ्यायचे.

उत्तर: हे बघा, होटगी रोडच्या दादांना जे हातानं करायचं होतं त्यातलं कायदेशीर आणि उपयोगी काम हे आहे. टार्गेटसाठी सपाट डोक्याचेच छर्रे घ्यायचे, ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात, टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजताना भांडण होतं. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, पिस्तुलाला थोडे हलके बरेच जण वापरतात. आरडब्ल्यूएस, एच अँड एन असे मॅचचे डबे मिळतात, डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५० असं. कुठलं माप तुमच्या नळीला मानवतं हे नळीच ठरवते. रेंजवर पिस्तूल टेकून किंवा क्लॅम्पला बांधून, एकेका डब्यातनं दहा-दहा उडवून बघा, ज्याची भोकं एकमेकात मिसळतात तो तुमचा. मग त्याच बॅचचे डबे जास्त घेऊन ठेवा.

वजन करणं मिलिग्रॅमचा काटा असेल तर करता येतं, पण नवशिक्यानं त्यात संध्याकाळ घालवू नये. दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची आहे आणि चांगल्या डब्यातला छर्रा त्याच्या आतच पडतो, तुमचा हात मात्र सुरुवातीला सातच्या रिंगबाहेर फिरत असतो. त्यापेक्षा डबा पांढऱ्या कापडावर ओता आणि छर्ऱ्याचा मागचा घेर, स्कर्ट म्हणतात तो, चेपलाय का बघा. शिसं मऊ असतं, डबा एकदा हातातनं पडला की कितीतरी स्कर्ट वाकडे होतात. वाकड्या स्कर्टमधनं हवा एका बाजूनं सुटते आणि छर्रा कुठंही जातो. ते बाजूला काढा, सराव संपताना उडवून टाका. पोटॅशमध्ये धुणं, तेलात बुडवणं असलं काही करू नका.

आणि शिसं विषारी आहे हे विसरू नका. छर्रे तोंडात धरायची सवय काही जुन्या लोकांना असते, ती अगदी वाईट. सराव झाला की साबणानं हात धुवायचे, मगच चहा-भजी. लहान बाळ असलेल्या घरात ट्रॅप साफ करताना ओल्या फडक्यानं पुसा, झाडूनं धूळ उडवू नका.

प्रश्न (पंढरपूर): उन्हाळ्यात एअर सिलिंडरला काही होतं का?

उत्तर: सिलिंडरमधे २०० बारपर्यंत हवा असते, गाडीच्या टायरमधे दोन-अडीच. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो आणि बंद गाडीत त्याच्याही बराच वर. सिलिंडर गाडीत ठेवून जाऊ नका, कधीच. तसंच सिलिंडरवर तारीख असते, दहा वर्षांची मुदत, ती संपलेला स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये. सेकंडहँड पिस्तूल घेताना आधी तारीख वाचा, मग भाव करा.

प्रश्न (मंगळवेढा): आजोबा वारले. त्यांची लायसन्सची बारा बोअर आहे आणि कपाटात जुनी काडतुसं सापडलीत, काहींवर हिरवट बुरशी आलीय. आतली दारू काढून पुंगळ्या आठवण म्हणून ठेवाव्या म्हणतोय.

उत्तर: आजोबांबद्दल वाईट वाटलं. पण काडतूस उघडू नका, पक्कड लावू नका, पुसूही नका. जुन्या प्रायमरचा भरवसा नसतो. लायसन्स ज्याच्या नावावर होतं तो गेला की ते हत्यार आणि काडतुसं दोन्ही घरात ठेवायचा हक्क संपतो, कलम २१ प्रमाणं वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करायची असतात. आधी ठाण्यात फोन करून सांगा, काडतुसं खराब झालीत हे मुद्दाम सांगा, म्हणजे ते कशी न्यायची ते सांगतील किंवा माणूस पाठवतील. सोबत आजोबांचं लायसन्स आणि मृत्यूचा दाखला. जमा केल्याची पावती घ्या, त्यावर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. बंदूक ठेवायची इच्छा असेल तर वारसाच्या नावानं लायसन्ससाठी अर्ज करता येतो, मंगळवेढ्याला तो जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो, सोलापूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडं. तोपर्यंत बंदूक जमाच राहू दे, अर्जाला पावतीची प्रत जोडा.